सादड्यासमोरची भरीत पार्टी

भागाबाई भित्री आहे, हे निंबदऱ्याला फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना वेगळं सांगावं लागत नाही. फाटकातून आत शिरलं की दहा पावलांवर ती थांबते, खाकी टोपीखाली पदर नीट खोचते आणि स्वतःच सांगून टाकते.

"मी तुमची वाटाडी. मला अस्वलाची भीती वाटते, सापाची वाटते, वाळक्या फांदीची आणि शेवाळलेल्या दगडाचीही वाटते. मी थांबले की तुम्ही थांबायचं. का थांबले ते मागून विचारायचं."

लोक हसतात. मग तिच्या मागोमाग चालायला लागतात.

निंबदरा म्हणजे चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पहिल्याच घडीत असलेलं वनोद्यान. सहा वर्षांपूर्वी गावाच्या समितीने ते सुरू केलं. नदीकाठची पायवाट, एक झुलता पूल, पक्षी बघायला मचाण, चार तंबू आणि स्वयंपाकासाठी ठरवून दिलेल्या तीन दगडी चुली. वाटाडे आठ, त्यात बाया दोन. त्यातली भागाबाई पन्नाशीची, काटक, बोलायला मोकळी. नवरा पंडित खाली दोन एकर कपाशी बघतो आणि बायको रानात जाऊन परक्या माणसांना पाखरं दाखवते याचं त्याला अजून नवल वाटतं.

नवल तिलाही वाटतं. तिचं माहेर अमळनेरकडचं, काळ्या मातीचं. तिथे नजर टाकली तर गावाच्या वेशीपर्यंत काही आड येत नाही. लग्नाच्या गाडीतून उतरली तेव्हा तिने पहिल्यांदा डोंगर जवळून पाहिला, आणि रात्री झाडांचा आवाज ऐकून रडली. सासरे अभिमन आबा सगळं आयुष्य रानात काढलेले. त्यांनी सुनेला हसून नाही घालवलं. म्हणाले, "भ्यास ते बरं शे, बेटा. जो भ्यास, तोच देखस." भिणाऱ्यालाच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी तिला बघायला शिकवलं. आधी वर बघायचं, मग समोर, मग पायाखाली. आबा गेले त्याला बारा वर्षं झाली. बघायची सवय राहिली.

त्या रविवारी, डिसेंबरात, जळगावहून अकरा माणसं आली. तिथल्या मेहरूण भागातली. विम्याच्या कचेरीत काम करणारा प्रशील, त्याची बायको वृषाली, त्याची म्हातारी आई पार्वताबाई, आणि बाकी कचेरीतली मंडळी. दोन गाड्या. एका गाडीच्या टपावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या झाडांचा, भला मोठा भारा काथ्याने बांधलेला.

फाटकावरचा भाईदास तो भारा बघून हसला. "भरीत का?"

"मग काय," प्रशील म्हणाला. "हिवाळा आला आणि भरीत पार्टी केली नाही, तर खान्देशात राहून उपयोग काय? वांगी हिरवी आणलीत, दहा किलो. चुलतभावाच्या मळ्यातली."

"चूल तीनच ठिकाणी पेटवायची. वळणावरची मोकळी आहे. पण भागावहिनी म्हणतील तिथे आणि म्हणतील तेव्हाच."

भाईदासने असं म्हटलं म्हणजे जबाबदारी तिची झाली. चुलीजवळ काय आहे, वर काय आहे, वारा कुठला आहे, हे बघून हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं, एवढंच तिचं काम.

त्या दिवशी वाटेत ती तीनदा थांबली. पहिल्यांदा एका वाळक्या फांदीखाली. दुसऱ्यांदा अस्वलाची ताजी विष्ठा दिसली म्हणून. तिसऱ्यांदा वाटेवर काळंभोर, जाड, वळलेलं काही पडलेलं पाहून तिने दोन्ही हात पसरले आणि सगळ्यांना मागे रेटलं. दहा मिनिटं कुणी हललं नाही. मग वृषालीनेच पुढे होऊन पाहिलं. वेल होती. जुनी पळसवेल.

मग जे हसू फुटलं ते थांबेना. कचेरीतल्या एकाने मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. "बोला मावशी, बोला. निंबदऱ्याच्या भित्र्या गाईड आपल्याबरोबर आहेत. मावशी, अस्वल मोठं का वेल मोठी?"

"अहो, पुरे," वृषाली म्हणाली.

"आम्हाला भीती घालायलाच ठेवलंय का हो तुम्हाला?" मोबाईलवाल्याने पुढे विचारलं.

भागाबाईही हसली. हसल्यावाचून चालत नाही. पण कानशिलं तापली होती, आणि पुढच्या चढावर ती पहिल्यांदाच कुठे थांबली नाही.

पार्वताबाई सगळ्यांच्या मागे काठी टेकत येत होत्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, बाहत्तर वर्षांचं हलकं शरीर, पांढरी साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. पाचोऱ्याकडच्या शाळांत त्यांनी तीस वर्षं मुलं शिकवली होती. जवळ आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. साप असता तर हीच माणसं तुमच्या पाया पडली असती."

"नाही हो अक्का, मनावर काय घ्यायचं."

पण मनावर घेतलं होतं.

वळणावर पोचल्यावर माणसं नदीच्या पाण्यात वांगी धुवायला उतरली आणि भागाबाईने सवयीने वर पाहिलं. चुलीवर करंजाचं झाड, त्यात काही नाही. नदीपलीकडे, वरच्या अंगाला, सत्तर-ऐंशी पावलांवर, सादड्याचं जुनं झाड. त्याच्या आडव्या जाड फांदीला सुपाएवढं काळं काही लोंबत होतं. गेल्या रविवारी ते नव्हतं. ती बघत असताना त्याच्यावरून एक लाट फिरली, शेतात वाऱ्याने ज्वारी हलावी तशी.

आग्या मोहोळ.

तिने तोंड उघडलं, आणि मागे कुणीतरी म्हणालं, "मावशी वर बघताहेत. आता माकड दिसलं असेल."

हशा झाला.

वारा खालच्या अंगाला जात होता, मोहोळापासून लांब. पाऊण तासात वांगी भाजून होतील. तिने हे स्वतःला सांगितलं. सूर्य तापला की दरीतला वारा उलटतो आणि वर चढतो, हे तिला तीस वर्षं माहीत होतं. तेही माहीत असताना तिने भीती गिळली, मनातल्या मनात कानबाई देवीला हात जोडले आणि म्हणाली, "पेटवा. पण लवकर आटपा."

पऱ्हाट्या दवाने ओलसर होत्या. जाळ होईना, नुसता धूर. वांगी त्या धुरात अर्धी काळी, अर्धी हिरवी पडून राहिली. एकजण पुठ्ठ्याने वारा घाली. वृषालीने मिरच्या भाजायला ठेवल्या. पार्वताबाईंना झाडाच्या बुंध्याशी सतरंजी टाकून दिली होती, आणि पाठीमागे उशीला गाडीतली गोधडी. भागाबाई उभी राहून त्या सादड्याकडे बघत होती. धूर खाली जातोय, खाली जातोय. तिने तळहात नदीकडे धरला. हातावर वारा लागेना. मग मागून, मनगटाच्या पाठीवर लागला.

धुराचं टोक वाकलं. पाण्यावरून सरकत पलीकडे गेलं आणि सादड्याच्या फांद्यांत शिरलं.

"विझवा," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "विझवा ते. पाणी टाका."

"अजून वांगी कच्ची..."

मग तो आवाज आला. लांबून ट्रक घाटात चढतो तसा. सुपाएवढं काळं होतं तिथे आता फांदीच दिसत होती आणि तिच्याखाली हवा काळी झाली होती.

"पळा! फाटकाकडे. तोंड झाका, ओरडू नका, पाण्यात उतरू नका."

सगळे पळाले. भागाबाईही पळाली. हे ती आजही सांगते, लपवत नाही. पंधरा पावलं तिचे पाय तिला न विचारता पळाले. मग मागून प्रशीलचा आवाज आला, "आई!" आणि तिने वळून पाहिलं. पार्वताबाई सतरंजीवर गुडघे गोळा करायचा प्रयत्न करत होत्या. उठता येत नव्हतं. प्रशील त्यांच्याकडे यायला निघाला होता आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावर मारत होता. त्याचा चष्मा पडला होता, वाट दिसत नव्हती.

"दादा, तुम्ही जा," भागाबाई ओरडली. "जीप आणा. भाईदासला म्हणावं, फाटकावरची जीप दगडी बांधापर्यंत आण. अक्का माझ्याकडे आहेत."

वृषालीने त्याला दंडाला धरून ओढत नेलं.

भागाबाईने सतरंजी पार्वताबाईंच्या अंगावरून उलटी घातली, गोधडी वर ओढली आणि स्वतः आत शिरली. तेवढ्यात मानेवर, कानामागे, बोटांवर निखारे टेकवावेत तसं झालं. आत शिरलेल्या माश्या तिने चिमटीत चिरडल्या. बाहेरून गोधडीवर गारा पडाव्यात तसे टपटप आवाज येत होते.

"हलू नका, अक्का."

"हलत नाही. थरथरते आहे. ते हलण्यात धरायचं का?"

"धरायचं."

अंधारात दोघींचे चेहरे एकमेकींना लागत होते. पार्वताबाईंच्या ओठावर, पापणीवर माश्यांचे काटे रुतलेले बोटांना लागले. भागाबाईने नखाने खरवडून काढले.

"किती वेळ बसायचं असं?"

"धूर थांबेपर्यंत. मग त्या शांत होतील. तास, दीड तास."

"तीस वर्षं मी मुलांना मधमाशी शिकवली," पार्वताबाई पुटपुटल्या. "राणी माशी, कामकरी माशी. मुलं टाळ्या वाजवायची."

कानबाई माय, कानबाई माय, एवढंच भागाबाईच्या तोंडात येत होतं. शेजारून बारीक आवाजात बुद्धं सरणं गच्छामि ऐकू येत होतं. एकीचा श्वास संपला की दुसरीचा शब्द चालू व्हायचा.

मग शेजारचा शब्द थांबला.

"अक्का?"

"जीभ..." पार्वताबाई म्हणाल्या. तो शब्द तोंडात कापूस कोंबल्यासारखा आला. "जीभ जड... झाली."

भागाबाईने त्यांचा हात धरला. डिसेंबरच्या पाण्यासारखा गार, आणि ओला. श्वास घेताना त्यांच्या गळ्यात शिट्टी वाजत होती. गावात एक माणूस असा गेलेला तिला माहीत होता. तीनच माश्या चावल्या होत्या. गळा सुजला आणि संध्याकाळ बघितली नाही. तास, दीड तास. या बाईकडे तेवढा वेळ नव्हता.

इथे थांबलं तर त्या जातील. बाहेर निघालं तर दोघी जाऊ. भागाबाईच्या भीतीने तिला आजवर नेहमी एकच गोष्ट सांगितली होती, थांब. आज ती दोन्हीकडून ओरडत होती.

सातपुड्यातली पावरा माणसं मध काढायला जातात तेव्हा ती हिरव्या पाल्याची जुडी पेटवून हातात धरतात, हे तिने आबांबरोबर लांबून पाहिलं होतं. मोहोळाला लांबून लागलेला धूर त्याला चिडवतो, पण दाट धुराच्या पोटात माशी येत नाही. स्वतः तिने असं कधी केलं नव्हतं. ते करणारा माणूस तिला वेडाच वाटायचा.

"अक्का, मी तुम्हाला पाठीवर घेते. गळ्यात हात टाका. सोडायचे नाहीत."

उत्तर आलं नाही. पण हात आले.

गोधडी दोघींवर ठेवून ती गुडघ्यांवर सरकत चुलीकडे गेली. सात-आठ हातांचं अंतर. काथ्याचा तुकडा सापडला. धुमसत्या पऱ्हाट्यांची जुडी ओढली, करंजाच्या खालच्या फांद्यांचा हिरवा पाला ओरबाडला, वर बांधला. उघड्या हातावर माश्या बसतच होत्या. हात आपला नाही असं समजून तिने गाठ मारली. पाल्यातून पिवळट, दाट धूर निघाला. तो तिने गोधडीच्या तोंडाशी धरला. दोघींना ठसका लागला. टपटप कमी झाली.

मग ती उठली. पार्वताबाई लाकडाच्या मोळीपेक्षा हलक्या होत्या, पण मोळी श्वास घेत नाही. हिचा श्वास कानाशी लागत होता, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान होत होता.

जीप येऊ शकते तो दगडी बांध दोनशे पावलांवर. पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागे त्या येतात. एक पाऊल, जुडी खाली, जुडी वर, एक पाऊल. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पायाखालचं दिसत नव्हतं. तिने दगड तळव्याने चाचपले. कुठेतरी मध्ये पाय घसरला. गुडघा आपटला. जुडी हातातून सुटली नाही, हे नशीब.

"अक्का, बोला काहीतरी."

शिट्टी वाजली.

"बोलता येत नसेल तर हात दाबा."

गळ्याभोवतीचा हात दाबला गेला. थोडासा.

बांध दिसू लागला तेव्हा जुडीतला पाला जळून संपला आणि नुसता जाळ झाला. माशी जाळाला भीत नाही, धुराला भिते. पुन्हा टपटप सुरू झाली. भागाबाईने जुडी टाकली आणि आता मात्र पळाली. तीस-पस्तीस पावलं, पाठीवर माणूस घेऊन, तोंड गोधडीत खुपसून, आंधळी. जीपचं दार कुणीतरी उघडलं. भाईदासने दोघींना गोधडीसकट आत ओढलं आणि दार लावलं. आत शिरलेल्या माश्या तो टोपीने मारत राहिला आणि मध्येच म्हणाला, "वहिनी, मले वाटनं तुम्ही गयात."

"अक्कांकडे बघा," ती म्हणाली. "श्वास बघा त्यांचा."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचायला पस्तीस मिनिटं लागली. दारातच पार्वताबाईंना इंजेक्शन दिलं, आत नेलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. भागाबाईला सलाईन लावून बाहेर बाकावर बसवलं. नर्स तिच्या हातातले काटे काढत होती. सुरुवातीला मोजत होती, मग मोजायचं तिने सोडलं.

बाकी मंडळी थोड्याफार चाव्यांवर निभावली होती. मोबाईलवाला जवळ आला आणि हात जोडून उभा राहिला. त्याचं नाक भोपळ्यासारखं झालं होतं. मग प्रशील आला. एक डोळा पूर्ण मिटलेला. तिच्या शेजारी बसला आणि त्याला बोलताच येईना.

"मावशी," शेवटी म्हणाला, "तुम्ही देवासारख्या..."

भागाबाई भ्याली. मोहोळ उठलं तेव्हापेक्षा जास्त. आता गप्प राहिलं की झालं. सगळे म्हणताहेत तेच खरं होऊन बसेल. समितीत सत्कार होईल, नारळ आणि शाल. खरं सांगितलं तर काम जाईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सांगायची तिला भीती वाटली आणि न सांगायचीही. कानबाईसमोर पुढच्या श्रावणात नैवेद्याचे रोट घेऊन उभं राहायचं होतं.

"दादा, मोहोळ मी आधी पाहिलं होतं."

"कधी?"

"तुम्ही वांगी धूत होतात तेव्हा. वारा उलटणार तेही मला माहीत होतं."

"मग?"

"बोलले नाही. सगळे हसत होते. लाज वाटली."

प्रशील तिच्याकडे एका डोळ्याने बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सांगितलं असतंत, तरी आम्ही ऐकलं नसतं बहुतेक."

"ते मला माहीत नाही. मी सांगितलं नाही, एवढं माहीत आहे."

तो उठून आत गेला. राग धरून गेला की कसा, तिला कळलं नाही. भाईदास समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. त्यानेही ऐकलं होतं. तो खाली बघत होता.

उन्हं उतरली. सलाईन संपली. पंडित गावाहून एसटीने आला, तिच्या सुजलेल्या हातांकडे बघून नुसता बाजूला बसला. आतून कुणी बाहेर येईना. दार हललं की ती अर्धी उठायची. त्या गेल्या असतील, आणि मला सांगायचं कुणी म्हणून सगळे आत थांबले असतील, असं तिला वाटायला लागलं.

दार उघडलं ते वृषालीने.

"सूज उतरतेय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, धोका टळला. रात्रभर ठेवतील." मग थोडं थांबून, "आई तुम्हाला बोलावताहेत."

भागाबाई उठली. गुडघा दुखत होता. आत पार्वताबाई उशीला टेकून पडल्या होत्या, चेहरा ओळखू येत नव्हता, तोंडावरचा मास्क त्यांनी हाताने थोडा खाली धरला होता. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन चालू होतं.

"प्रशीलने सांगितलं," त्या म्हणाल्या. शब्द अजून जाड होते. "मला राग आला."

"येणारच, अक्का."

"अजून आहे."

"असू द्या."

पार्वताबाईंनी मास्क लावून दोन श्वास घेतले. पुन्हा खाली केला. "हे मशीन ऐकताय का?"

भागाबाईने ऐकलं. एकसारखा, खोल, घुमणारा आवाज.

"डोळे मिटले की त्या सगळ्या माश्या परत येतात," पार्वताबाई म्हणाल्या. "यांना सांगितलं तर हे म्हणतात, आई, मशीन आहे ते. मशीन आहे हे मलाही कळतं."

"बंद नाही करता येणार, अक्का. ते लागतंय तुम्हाला."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. बसा इथे."

भागाबाईने स्टूल ओढलं आणि खाटेच्या कडेशी बसली. सुजलेला हात तिने चादरीवर ठेवला. पार्वताबाईंनी त्यावर आपला ठेवला. तो आता गार नव्हता.

"तुम्हालाही वाटतेय ना भीती?"

"लई."

"मग मी मिटते डोळे," त्या म्हणाल्या, आणि मास्क वर ओढला.